इंग्लंडमध्ये दुकानदार पाण्याची कंपनी बदलू शकतात, मग त्यांचं बिल का कमी होत नाही?

माझी मावसबहीण इंग्लंडमधल्या रीडिंग गावात छोटं कॅफे चालवते. मध्यंतरी तिने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. कुठल्याशा ब्रोकरचा मेसेज होता. पाण्याची कंपनी बदला, बिल कमी करा, तीन वर्षांचा करार, सही आजच करा. खाली ताईचा प्रश्न, "तू पत्रकार ना? बघ जरा, हे खरं आहे का."

मी आधी हसले. पाण्याची कंपनी बदलायची? ते काय सिमकार्ड आहे का?

तर विषय असा आहे की इंग्लंडमध्ये ते खरंच थोडंफार सिमकार्डासारखं आहे. घरगुती ग्राहकांना नाही, पण दुकान, हॉटेल, शाळा, चर्च, कारखाना अशा सगळ्यांना १ एप्रिल २०१७ पासून पाण्याचा पुरवठादार निवडता येतो. असे ग्राहक होते साधारण १२ लाख. स्कॉटलंडने हेच २००८ मध्ये केलं होतं. वेल्सने मात्र दार किलकिलंच ठेवलं. तिथे वर्षाला ५ कोटी लिटरच्या वर पाणी वापरत असाल तरच कंपनी बदलता येते, म्हणजे कॅफेवाल्यांनी नादच सोडायचा.

आता कंपनी बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? इथेच खरी गोम आहे.

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. २००९ नंतर तिथे अनेकांनी रिलायन्सची वीज सोडून टाटा पॉवर घेतली. पण घरात येणारी वायर रिलायन्सचीच राहिली, आज ती अदानीची आहे. वायर एकाची, बिल दुसऱ्याचं. आणि त्या वायरचं भाडं बिलात वेगळं लागतं.

इंग्लंडमध्ये पाण्याचं तसंच आहे, फक्त एक पायरी अजून कमी. विजेत निदान वीज कुठून विकत घ्यायची हे कंपनी ठरवते, त्यामुळे दरात फरक पडू शकतो. पाण्यात तेही नाही. रीडिंगमध्ये धरण, शुद्धीकरण, पाइप, गटार, सांडपाण्याचा प्रकल्प, सगळं थेम्स वॉटरचं. तुम्ही कोणतीही कंपनी निवडा, नळाला पाणी थेम्स वॉटरचंच येणार. नवी कंपनी थेम्सकडून ते घाऊक दराने घेते, मीटर वाचते, बिल पाठवते, तक्रारीचा फोन उचलते. बास.

थेम्स वॉटरने तर बाजार खुला होतानाच आपले धंदेवाईक ग्राहक कासल वॉटर नावाच्या कंपनीला विकून टाकले. म्हणजे ज्यांनी आयुष्यात काही निवडलं नाही, त्यांचीही कंपनी बदललीच. तिथे कितीतरी दुकानदारांना हे बिलावरचं नाव बदललं तेव्हाच कळलं असणार.

आता गणित करू. इंग्लंडमधल्या अशा बिलात साधारण ९० टक्के रक्कम घाऊक दराची असते. हा दर त्या भागातल्या सगळ्या रिटेल कंपन्यांना सारखाच, त्यात घासाघीस नाही. उरलेल्या साधारण १० टक्क्यांत रिटेल कंपनीचा खर्च आणि नफा. लहान ग्राहकांच्या बाबतीत हा वाटा थोडा जास्त असू शकतो, कारण छोटं बिल असो की मोठं, मीटर वाचायला माणूस तर एकच लागतो.

समजा वर्षाचं बिल १,५०० पौंड आहे. त्यातले १,३५० थेम्सचे. कंपनीच्या हातात १५०. तिने मन मोठं करून त्यातला एक तृतीयांश सोडला तरी तुमचे वाचले ५० पौंड. महिन्याला चार पौंड, म्हणजे ताईच्याच कॅफेतली एक कॉफी. त्यात ब्रोकरचं कमिशन आलं. ते रिटेल कंपनी देते असं सांगतात, पण ते शेवटी निघतं याच दहा टक्क्यांतून.

मग या बाजाराचा फायदा कुणालाच झाला नाही का? झाला ना, मोठ्यांना. देशभर शेकडो शाखा असलेल्या साखळीला आधी वेगवेगळ्या भागांतल्या पाणी कंपन्यांची ढीगभर बिलं यायची, आता एकाच कंपनीकडून एक बिल येतं. ग्रीन किंग या पबच्या साखळीने तर २०१७ मध्ये स्वतःच्याच पबना पाणी विकायचा परवाना काढला. असा परवाना घेणारी ती पहिली कंपनी. मधला माणूसच काढून टाकला आणि कुठल्या पबमध्ये किती पाणी जातं याचा हिशोब स्वतःकडे घेतला. हा हिशोब महत्त्वाचा, त्यावर पुढे येतेच.

त्याआधी, हे ब्रोकर आत्ताच का फोन करत सुटलेत? कारण बिलं वाढली आहेत. तिथली नियामक संस्था ऑफवॉट दर पाच वर्षांनी पाण्याचे दर ठरवते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने २०३० पर्यंतचे दर मंजूर केले. घरगुती बिलं महागाई सोडून सरासरी ३६ टक्के वाढणार, आणि कंपन्या पाच वर्षांत १०४ अब्ज पौंड खर्च करणार. जुने पाइप, नद्यांमध्ये जाणारं मैलापाणी, नवी धरणं, असं बरंच काही त्यात आहे. लोक इतके चिडले की जुलै २०२५ मध्ये एका स्वतंत्र आयोगाने ऑफवॉटच बरखास्त करा अशी शिफारस केली आणि सरकारनेही ती मान्य केली. धंद्यांचे घाऊक दरही याच नियंत्रणातून येतात. म्हणजे वाढ झाली ती ९० टक्क्यांच्या भागात, आणि ब्रोकर सवलत देतोय १० टक्क्यांच्या भागात. त्याच्या मेसेजमध्ये ही ओळ अर्थातच नव्हती.

एवढं सगळं ताईला व्हॉइस नोटवर सांगितलं. तिचं उत्तर एका वाक्यात आलं, "मग मी करू काय?"

बिल कमी करायचं तर लिटर कमी करायचे. किंवा कंपनीने जे गृहीत धरलंय ते चुकीचं आहे हे दाखवायचं. तिथे गृहीत धरतात की आत आलेल्या पाण्यापैकी साधारण ९० ते ९५ टक्के पाणी गटारात जातं, आणि तेवढ्याचे सांडपाण्याचे पैसे लावतात. बेकरी असेल, रोपवाटिका असेल, तर बरंच पाणी मालात किंवा मातीत जातं. ते पुराव्यानिशी दाखवलं तर आकार कमी होतो. छपरावरचं पावसाचं पाणी सार्वजनिक गटारात न जाता आपल्याच जागेत जिरत असेल, तर त्याचाही आकार माफ करून मागता येतो. कॅफेला यातलं पहिलं फारसं लागू नाही. दुसरं ताईला घरमालकाला विचारावं लागेल, आणि तो फोन उचलत नाही.

राहिलं मीटर. अनेक मीटर फुटपाथखाली, पार्किंगखाली असतात. ते वाचायला कुणी जातच नाही आणि बिल अंदाजाने येत राहतं. ताईची शेवटची तीन बिलं अंदाजाचीच होती. त्या मीटरवर काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे लिटरचे. मी तिला म्हटलं, रात्री दुकान बंद करताना फोटो काढ, सकाळी उघडताना परत काढ. मध्ये कुणी नळ उघडलेला नाही, तर आकडा हलता कामा नये.

आकडा हलला. अकरा तासांत १८० लिटर.

पाणी गेलं होतं गिऱ्हाइकांच्या टॉयलेटमधून. ब्रिटनमध्ये जुन्या टाक्यांना सायफन असायचा, त्यातून गळती जवळपास व्हायचीच नाही. २००१ पासून व्हॉल्व्हच्या टाक्यांना परवानगी मिळाली. त्यांचं रबर झिजलं की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने आवाज न करता जात राहतं. ताईच्या हिशोबाने दिवसाला ४०० लिटर होतात, वर्षाला जवळपास १४६ घनमीटर. पाणी आणि सांडपाणी मिळून घनमीटरला ४ पौंड धरले, तरी ५८४ पौंड. ब्रोकर सांगत होता त्याच्या दहापट.

प्लंबरने ८५ पौंड घेतले. आता ताईने कंपनीला मीटरचे फोटो पाठवलेत आणि खरं रीडिंग धरून जुनी बिलं परत काढायला सांगितलंय. गळतीमुळे बिल वाढण्याचीही शक्यता आहे, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, कळू दे एकदाचं.

ब्रोकरचा मेसेज मात्र कालही आला होता.