पतंगफळी घरीं करावी काय?

कोंकणांतील एका भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे कीं, त्यांचा पुतण्या महाविद्यालयाच्या सुटींत घरीं आला असून त्यानें ‘काइटबोर्ड’ नांवाची फळी स्वतः तयार करण्याचा घाट घातला आहे. तर त्यास संमति द्यावी कीं न द्यावी? घरांत दोन तट पडले आहेत. थोरल्या काकांचें म्हणणें, रंधाच मारावयाचा होता तर मुलाला इतकें शिकविलें कशाला? आजीचें म्हणणें, घरगुती फळी भर समुद्रांत मोडली म्हणजे काय करावें? पहिला आक्षेप मानाचा आहे, दुसरा जिवाचा आहे. दोहोंचा विचार निरनिराळा केला पाहिजे. आणि त्यापूर्वीं ही वस्तु आहे तरी काय, हें समजून घेतलें पाहिजे.

काइटबोर्डास आम्ही येथें पतंगफळी म्हणूं. स्वाराच्या कमरेस पट्टा, पट्ट्यांत अडकविलेला दांडा, दांड्यास वीस-चोवीस मीटर लांबीच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोंकास आठ-दहा चौरस मीटरांचा कापडी पतंग, आणि पायांखालीं साडेचार फूट लांबीची फळी, असा हा सारा संसार असतो. पतंग ओढतो, फळी पाण्यावरून घसरते, आणि तिची कड पाण्यांत रुतवून स्वार आपली दिशा राखतो.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. आपण लहानपणीं पतंगाची काठी धरून उताणें पडलों आणि तळ्याच्या पैलतीरास पोंचलों, ही हकीकत बेंजामिन फ्रँक्लिन यानें स्वतःच सांगितली आहे. ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक हा तर आमच्याच पेशाचा, शाळामास्तर. त्यानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. त्या काळीं विलायतेंत रस्त्याचा कर गाडीच्या घोड्यांवर आकारीत. या गाडीस घोडाच नसल्यामुळें नाकेदारास कर कसा घ्यावा तें कळेना, अशी गोष्ट सांगतात. याच गृहस्थानें पतंगाचें बळ पाहण्यासाठीं आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून आकाशांत उचलविलें. ती सुखरूप खालीं आली, आणि पुढें प्रख्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची माता झाली. सध्यांच्या खेळाचा पाया ब्रूनो व डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनीं घातला. पाण्यांत पडला तरी न बुडणारा व पुन्हां उडवितां येणारा, हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग त्यांनीं काढला आणि १८८४ नव्हे, १९८४ सालीं, म्हणजे पोकॉकच्या मागून दीडशेंहून अधिक वर्षांनीं, त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला. हवाई बेटांच्या किनाऱ्यावर १९९६ च्या सुमारास या खेळास लोकांनीं उचलून धरलें, आणि २०२४ सालीं तो ऑलिंपिकांतहि आला. आपल्याकडे गोव्यांत मोरजी येथें व दक्षिणेस रामेश्वर येथें तो शिकवितात.

आतां मानाचा आक्षेप. आमच्या घराघरांतून एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे कीं, बुद्धीचें काम तें आपलें आणि हाताचें काम तें दुसऱ्याचें. या समजुतीनें सुतार-लोहारांचें जितकें नुकसान केलें, त्याहून अधिक आमचें स्वतःचें केलें. ‘लीलावती’ तोंडपाठ असलेला, पण भिंतीस खुंटी सरळ ठोकतां न येणारा विद्वान् आम्हीं पुष्कळ पाहिला आहे. त्याचें ज्ञान खोटें नसतें. परंतु तें कधीं कसोटीस लागलेलें नसतें. पतंगफळी ही अशी वस्तु आहे कीं, तींत पुस्तकांतील गणित हातास भेटतें. तें कसें, हें थोडक्यांत सांगतों.

फळी सपाट चालत नाहीं. सपाट फळीचें टोंक लाटेंत घुसतें व स्वार पालथा होतो. म्हणून दोन्ही टोंकें मध्यभागाहून किंचित् वर उचललेलीं असावीं लागतात. समजा, फळीची लांबी १३८ सेंटिमीटर आणि टोंकांची उंची ४ सेंटिमीटर धरली. हा वांक म्हणजे वर्तुळाचें एक चाप. फळीची लांबी ही त्याची ज्या, आणि टोंकांची उंची हा त्याचा शर. अर्ध्या ज्येच्या वर्गास शरानें भागावें व त्यांत शर मिळवावा, म्हणजे व्यास येतो, हा नियम आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें दिला व भास्कराचार्यांनीं ११५० च्या ‘लीलावतीं’त तो उदाहरणांसह शिकविला. ६९ चा वर्ग ४७६१. त्यास ४ नीं भागून ४ मिळविले कीं सुमारें ११९४. म्हणजे त्रिज्या जवळजवळ ६ मीटर. गच्चीवर सहा मीटर दोरीनें कंस काढला कीं सांच्याची रेषा डोळ्यांपुढें उभी राहते.

लांकूड मात्र पुस्तकाबाहेरचें एक उत्तर देतें. तीन पातळ पत्रे वांकवून एकमेकांस चिकटविले आणि सांच्यांतून काढले, कीं सुमारें नवमांश वांक परत जातो. दोनच पत्रे असतील तर चतुर्थांश जातो. म्हणून ४ सेंटिमीटर पाहिजे असतील तर सांचा साडेचारांचा करावा. इतक्या मोठ्या वर्तुळाच्या लहानशा चापांत उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सबब मध्यापासून २३, ४६ व ६९ सेंटिमीटरांवर जे आडवे आधार बसवावयाचे, ते मधल्या आधाराहून अनुक्रमें ५, २० व ४५ मिलिमीटर उंच असावेत. मधला एक आणि दोहों बाजूंस तीन तीन, असे सात आधार झाले. त्यांवर एक लवचीक पत्रा ठोकला व प्लास्टिकचा कागद पसरला कीं सांचा तयार.

फळीसाठीं पाण्यास टिकणारें ‘मरीन’ प्लायवुड घ्यावें. त्यावर भारतीय मानक ७१० चा शिक्का असतो. तो पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. ३ मिलिमीटर जाडीचा, आठ फूट बाय चार फुटांचा एक पत्रा पुरतो. फळीची रुंदी ४० सेंटिमीटर ठेवली तर त्या एकाच पत्र्याच्या रुंदींत, करवतीची वाट धरूनहि, तिन्ही थर निघतात. ४१ ठेवली तर निघत नाहींत. अशा ठिकाणीं एक सेंटिमीटराची हांव दुसऱ्या पत्र्याची किंमत मागते.

थर इपॉक्सी राळेनें चिकटवावे. राळ व तिचा कठिणकारक यांचें प्रमाण डब्यावर दिलेलें असतें. तें तराजूवर तोलूनच घ्यावें, अंदाजानें घेऊं नये. कठिणकारक जास्त घातला म्हणजे राळ लौकर वाळते हा भ्रम आहे. ती कायमची मऊ राहते. खोल भांड्यांत पुष्कळ राळ एकदम कालविली तर ती आपोआप तापून धुरावते. म्हणून थोडी थोडी कालवून पसरट भांड्यांत घ्यावी. पावसाळ्यांत हें काम करूं नये. दमट हवेंत राळेवर तेलकट साय धरते व पुढचा थर तिला चिकटत नाहीं.

चिकटविलेल्या थरांवर सर्वत्र सारखा दाब पाहिजे. वाळूच्या पिशव्या एकमेकींस लगटून ठेवल्या तरी काम भागतें. खटपटी मुलें जुन्या शीतकपाटाचा कॉम्प्रेसर जाणत्या कारागिराकडून सोडवून घेतात, आणि फळी प्लास्टिकच्या पिशवींत घालून त्यानें आंतील हवा ओढून काढतात. निम्मी हवा गेली तरी बाहेरील वातावरण या अर्ध्या चौरस मीटरावर अडीच टनांहून अधिक भार घालतें, आणि तोहि तसूभर कमीजास्त न होतां! हवेस वजन असतें हें आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें. या पिशवीइतकें स्पष्ट तें आमच्या फळ्यावर कधीं दिसलें नाहीं.

एक दिवस-रात्र गेल्यावर फळी बाहेर काढावी. आकार कापण्यासाठीं संपूर्ण फळीचा नमुना काढूं नये. पाव फळीचा पुठ्ठा कापावा आणि तोच चारदां उलटून रेषा ओढावी, म्हणजे दोन्ही टोंकें व दोन्ही कडा तंतोतंत सारख्या येतात. त्या सारख्या असणें अगत्याचें आहे, कारण ही फळी दोन्ही दिशांनीं चालते. परततांना स्वार तिला वळवीत नाहीं. पुढें वरच्या अंगानें रंधा मारून टोंकांची जाडी ९ वरून ६ मिलिमीटरांवर आणावी. पायांचे पट्टे व टोंकांजवळचीं चार लहान सुकाणूं यांच्या स्क्रूंसाठीं भोंकें पाडतांना तीं पाहिजेत त्याहून मोठीं पाडून राळेनें भरावीं, आणि राळ वाळल्यावर तींतून पुन्हां बारीक भोंक पाडावें. असें न केल्यास स्क्रूच्या वाटेनें खारें पाणी लांकडांत शिरतें आणि एका हंगामांत थर सुटूं लागतात. शेवटीं दोहों अंगांस कांचतंतूंचें कापड राळेनें बसवावें व कडा घासून साफ कराव्या. अशा फळीच्या नुसत्या प्लायवुडाचें वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतें. बाजारची फळी पॉलोनियासारख्या हलक्या लांकडाची असल्यामुळें पुष्कळदां याहून हलकी असते, हें अगोदरच जाणून असावें. स्वस्ताईसाठीं कोणी या नादीं लागत असेल तर त्यानें न लागावें. सांचा, हत्यारें, राळ व नासलेला माल धरतां पहिली फळी स्वस्त पडत नाहीं.

दोन सावधगिऱ्या गृहिणींनीं आग्रहानें पाळवाव्या. राळ हातांस लागूं देऊं नये. एकदां तिचें वावडें उत्पन्न झालें तर तें जन्मभर सुटत नाहीं. हातमोजे हवेतच. कांचतंतूंचें कापड व वाळलेली राळ घासतांना नाकातोंडावर धुळीचा चांगला मुखपट बांधावा, आणि हें काम उघड्या गच्चीवर करावें. स्वयंपाकघरांतील भांडीं व तराजू या कामीं देऊं नयेत, आणि लहान मुलांस जवळ फिरकूं देऊं नये.

आतां जिवाचा आक्षेप. आजींचें भय खोटें नाहीं, परंतु तें फळीवर ठेवण्यांत चूक होते. फळी मोडली तरी तिचे तुकडे तरंगतात. शिवाय तिची परीक्षा घरींच घेतां येते. सत्तर सेंटिमीटर अंतरानें दोन विटा ठेवून त्यांवर फळी आडवी टाकावी आणि मध्यभागीं सावकाश उभें राहावें. कडकड आवाज झाला तर ती फळी समुद्रावर नेऊं नये. तिचें बाक करावें. दोन्ही टोंकांवर सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्यानें पाहावें. पट्ट्या समांतर दिसल्या नाहींत तर फळीस पीळ पडला आहे असें समजावें.

खरें भय पतंगाचें आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पतंगाची ओढ चौपट होते. पोकॉकची मुलगी खुर्चीसह वर गेली, ती याच बळानें. झोताबरोबर स्वार उचलला जाऊन खडकांवर, भिंतीवर वा विजेच्या तारांवर आपटूं शकतो. त्या क्षणीं त्याला वांचविणारी एकच वस्तु असते : दांड्यावरील झटक्यासरशी पतंगाचें बळ सोडून देणारी कळ. म्हणून आमचा निर्णय असा कीं, फळी घरीं करावी. पतंग, दोऱ्या, कमरेचा पट्टा व ती कळ यांपैकीं कांहींहि घरीं करूं नये. जी वस्तु हळूहळू बिघडते व बिघडण्यापूर्वीं सांगते, तिजवर शिकाऊ हातानें प्रयोग करावा. जी एकदांच व न सांगतां बिघडते, तिजवर करूं नये. हा नियम पतंगफळीपुरताच आहे असें नाहीं. घरांतील विजेच्या तारा व स्वयंपाकाचा वायु यांसहि तोच लावावा.

फळी तयार झाली म्हणजे विद्या आली असें नव्हे. शिक्षकावांचून पतंग हातीं घेऊं नये, आणि एकट्यानें पाण्यांत जाऊं नये. आपल्या किनाऱ्यावर दुपारीं समुद्राकडून खारे वारे येतात. ते स्वारास किनाऱ्याकडे आणतात. पहांटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्या वाऱ्यावर निघालेल्यास तेच वारे आंत घेऊन जातात. भूगोलाच्या पुस्तकांतील हा धडा ज्यानें गुणांसाठीं पाठ केला, त्यानें तो येथें प्राणांसाठीं पाठ करावा. पावसाळ्यांत खवळलेल्या समुद्राच्या वाऱ्यास तर जाऊंच नये.

राहिलें एक. मुलानें वा मुलीनें काम हातीं घेण्यापूर्वीं गांवांतील एखाद्या जाणत्या सुतारमिस्त्रींकडे चार दिवस बसावें. रंधा कसा धरावा, पाते किती बाहेर काढावें, गुण्या कसा लावावा, लांकडाच्या रेषेविरुद्ध हात चालविला तर काय होतें, हें कोणत्याहि पुस्तकांतून येत नाहीं. त्या मिस्त्रींस घरीं बोलावलें तर ओटीवर नव्हे, माजघरांत बसवावें, आणि मुलानें त्यांस गुरु मानून नमस्कार करावा. वडील मंडळींनीं तो नमस्कार पाहावा. ज्या घरांत शास्त्रीबुवांच्या पायां पडतात, त्या घरांत विद्या देणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या पायां पडल्यानें मान जात नाहीं. उलट आमच्या विद्येस जो एक हात कमी होता, तो तिला मिळतो.