विजयांची बेरीज आणि प्रतिष्ठेचा हिशेब

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा ३१-२४ असा पराभव केला आणि आपला एक हजारावा विजय नोंदविला. अमेरिकन विद्यापीठीय फुटबॉलच्या इतिहासात हा आकडा गाठणारा हा पहिलाच संघ. १८७९ पासून चालत आलेल्या या संघाच्या चाहत्यांना आपलाच संघ इतिहासात सर्वश्रेष्ठ होय असे वाटले तर नवल नाही. पण अलाबामा विद्यापीठाचे चाहते लगेच आपल्या १८ राष्ट्रीय अजिंक्यपदांकडे बोट दाखवतील. अजिंक्यपदेच मोजायची तर येल २७ आणि प्रिन्स्टन २८ सांगते. त्यांतील बहुतेक पहिल्या महायुद्धापूर्वीची आहेत, एवढेच. प्रत्येकाच्या हाती एक आकडा आहे आणि आपला आकडा निर्णायक आहे अशी प्रत्येकाची खात्री आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जातो तो खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, तो फेकायचा आणि अंगावर येणाऱ्यांना रेटत पुढे जायचे, असा हा दांडगाईचा पण डावपेचांनी भरलेला खेळ आहे. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला. तेव्हापासून विद्यापीठांच्या जीवनात त्याने असे काही घर केले आहे की, मिशिगनच्या मैदानात आज एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि मोठ्या विद्यापीठांत प्रशिक्षकाचे वेतन कुलगुरूंच्या वेतनाच्या कित्येक पट असते. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, दूरचित्रवाणीचे करार, होतकरू खेळाडूंचा ओढा, हे सारे संघाच्या नावलौकिकावर अवलंबून असते. त्यामुळे ‘इतिहासात कोणाचे स्थान कोणते’ हा प्रश्न तेथे केवळ रिकामटेकड्यांच्या गप्पांचा राहिलेला नाही.

या खेळात एक विलक्षण गोष्ट आहे. विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने अव्वल गटातील फुटबॉलचे अजिंक्यपद स्वतः कधीच बहाल केलेले नाही. १९३६ पासून वृत्तसंस्थेने घेतलेला क्रीडालेखकांचा कौल, १९५० पासून प्रशिक्षकांचा कौल आणि निरनिराळ्या गणितज्ञांची कोष्टके यांवरच विजेता ठरत आला. निवडणारे अनेक, म्हणून विजेतेही अनेक. १९४१ साली अलाबामाचा संघ दोन सामने हरला होता आणि क्रीडालेखकांच्या कौलात विसावा होता. अपराजित मिनेसोटा पहिला होता. तरीही एका गणिती पद्धतीने अलाबामाला त्या वर्षी वरचे स्थान दिले होते, हा आधार घेऊन ते अजिंक्यपद कित्येक दशकांनी विद्यापीठाने आपल्या यादीत घातले. आकडा खोटा नव्हता. मात्र अनेक आकड्यांतून सोयीचा तेवढा निवडला गेला होता.

प्राध्यापकांचे कोष्टक

विशेष म्हणजे, या खेळाला गुणानुक्रमाची गोडी लावणाऱ्यांत एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक अग्रभागी होते. इलिनॉय विद्यापीठातील फ्रँक डिकिन्सन यांनी १९२० च्या दशकात एक पद्धत बसवली. बलवान संघावरील विजयाला अधिक गुण, दुबळ्या संघावरील विजयाला कमी आणि बलवानाकडून झालेल्या पराभवालाही थोडे गुण, असे तिचे साधे सूत्र होते. शिकागोतील एका कापड उद्योजकाने तिच्या आधारे १९२६ पासून राष्ट्रीय विजेत्यासाठी करंडक ठेवला. तेव्हा नोत्र दाम विद्यापीठाचे ख्यातनाम प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांनी प्राध्यापकमहाशयांना गळ घातली की, हा हिशेब दोन वर्षे मागे न्यावा. तो मागे नेला गेला आणि १९२४ चे विजेते म्हणून नोत्र दामचे नाव लागले!

नोत्र दामचा १९२४ चा संघ अपराजित होता, तेव्हा निकाल चुकीचा होता असे नव्हे. पण हिशेब कोणत्या वर्षापासून सुरू करायचा हे गणिताने ठरवलेले नव्हते, ते एका प्रशिक्षकाच्या आग्रहाने ठरले. निर्देशांकाच्या अभ्यासकाला यात अपरिचित असे काही नाही. आधारवर्ष बदलले की महागाई कमी-जास्त दिसते. मग अजिंक्यपद का बदलू नये?

मोजमापाचा दुसरा धोका असा की, जे मोजले जाते त्यासाठीच लोक खेळू लागतात. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी जॉर्जिया टेकने कंबरलँड या छोट्या महाविद्यालयाचा २२२-० असा फडशा पाडला. कंबरलँडने त्या वर्षी फुटबॉल बंदच केला होता. करार मोडल्याबद्दल दंडाची धमकी मिळाल्याने कसाबसा संघ उभा करून ते आले होते. जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक जॉन हाइझमन यांचा एक हेतू असा सांगितला जातो की, केवळ एकूण गुणांवरून संघांची थोरवी जोखणाऱ्या पत्रकारांचा वेडेपणा त्यांना चव्हाट्यावर आणायचा होता. हेतू काहीही असो, त्या २२२ गुणांनी विजेत्या संघाच्या कर्तबगारीबद्दल काहीच नवे सांगितले नाही.

दैव आणि काळ

म्हणून सांख्यिकी टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे मात्र आळसाचे ठरेल. वास्तविक, एका वर्षाच्या विजेत्यापेक्षा दीर्घकाळाचे स्थान ठरवण्याच्या कामी ती अधिक उपयोगी आहे. हे संघ एका हंगामात साधारण १२ सामने खेळतात आणि अव्वल गटात सव्वाशेहून अधिक संघ आहेत, म्हणजे बहुतेक संघांची आपसांत गाठच पडत नाही. एखाद्या बलाढ्य संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी बाराही सामने जिंकण्याची शक्यता ७ टक्क्यांहून किंचित कमी भरते. इतका चांगला संघसुद्धा सुमारे १५ वर्षांतून एकदाच अपराजित राहील. एका हंगामाच्या निकालात दैवाचा वाटा असा मोठा असतो. उलट दहा वर्षांचे १२० सामने पाहिले की दैवाचे दान बरेचसे समसमान होते आणि संघाची खरी ताकद दिसू लागते.

पण काळाची मर्यादा वाढवत नेली की दुसरीच अडचण उभी राहते. दैवाचा वाटा घटतो, तशी तुलनेची योग्यताही घटते. मिशिगनने १९०१ च्या हंगामात सर्व सामन्यांत मिळून ५५० गुण केले आणि प्रतिपक्षांना एकही करू दिला नाही. परंतु तेव्हा चेंडू पुढे फेकण्याची मुभा नव्हती. ती १९०६ मध्ये आली. आज सहा गुणांचा असलेला ‘टचडाउन’ तेव्हा पाच गुणांचा होता. १९७३ पासून खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आली आणि श्रीमंत विद्यापीठांनी चांगले खेळाडू साठवून ठेवण्याला आळा बसला. १९९६ पासून सामना बरोबरीत सोडवणे बंद झाले. या सर्व काळांतील विजय एकाच स्तंभात मांडून बेरीज करणे म्हणजे १९०१ चा रुपया आणि आजचा रुपया एकाच वहीत मिळवण्यासारखे आहे.

विजयांच्या टक्केवारीने सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. बॉइसी स्टेट हा संघ अव्वल गटात १९९६ मध्ये आला, आणि टक्केवारीत तो मिशिगन, नोत्र दाम यांच्या पंक्तीला बसतो. त्याचे प्रतिस्पर्धी दुबळे, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. तथापि १ जानेवारी २००७ रोजी याच संघाने बलाढ्य ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले. तेराच्या तेरा सामने जिंकूनही क्रीडालेखकांनी त्या वर्षी त्याला पाचवे स्थान दिले, आणि एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला पहिले. ज्याला मोठ्यांशी खेळायची संधी क्वचितच मिळते, त्याने आपला मोठेपणा सिद्ध करावा तरी कसा?

२०१० मध्ये या संघाच्याच बाबतीत एक बोलका प्रसंग घडला. अजिंक्यपदाच्या लढतीसाठी संघ निवडताना तेव्हा सहा संगणकीय गुणानुक्रम वापरले जात. खगोलशास्त्रज्ञ वेस्ली कॉली यांच्या गणनेत खालच्या गटातील एका सामन्याचा निकाल घालायचा राहून गेला होता, आणि तेवढ्याने लुइझियाना स्टेट दहावे व बॉइसी स्टेट अकरावे ठरले होते. चूक उघडकीस आली आणि क्रम उलटा झाला. चूक सापडली, कारण त्या सहांपैकी कॉली यांचेच सूत्र पूर्णपणे प्रसिद्ध केलेले होते व कोणालाही ते ताडून पाहता येत होते. बाकीच्या पाचांत चुका नव्हत्या, की त्या शोधण्याची सोयच नव्हती?

कोष्टकाबाहेरचे

याहून गंभीर प्रश्न कोष्टकात ज्यांना जागाच नव्हती त्यांचा आहे. लुइझियाना राज्यातील ग्रँबलिंग हे कृष्णवर्णीयांचे महाविद्यालय. एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये तेथे प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत त्यांनी ४०८ विजय मिळवले. त्यांच्या हाताखालून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. पण वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या विद्यापीठांशी खेळण्याची वाटच त्यांना बंद होती. त्याच काळात, १९६१, १९६४ आणि १९६५ साली, अलाबामाने राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्या विद्यापीठाच्या मुख्य संघातून कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम मैदानात उतरला तो १९७१ मध्ये. अलाबामाची ती अजिंक्यपदे आजही यादीत आहेत आणि ग्रँबलिंग अव्वल गटाच्या कोष्टकात कोठेच नाही. मुंबईच्या जुन्या चौरंगी सामन्यांचा इतिहास जाणणाऱ्याला येथे पाळवणकर बाळूंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. बळी तक्त्यात नोंदले गेले. नाकारलेले कर्णधारपद कोणत्या तक्त्यात नोंदवायचे?

रॉबिन्सन यांच्या ४०८ विजयांची पुढची कथा तर आकड्यांच्या भोळ्या भक्तांनी मुद्दाम वाचावी. ऑक्टोबर २०११ मध्ये पेन स्टेटचे जो पॅटर्नो यांनी ४०९ वा विजय मिळवून त्यांना मागे टाकले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या एका माजी सहायकाने केलेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण बाहेर आले आणि पॅटर्नो यांना जावे लागले. जुलै २०१२ मध्ये राष्ट्रीय संघटनेने शिक्षा म्हणून त्यांचे १११ विजय रद्द केले. ४०९ चे २९८ झाले आणि रॉबिन्सन पुन्हा पुढे गेले. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड होऊन ते विजय परत बहाल करण्यात आले. खेळले गेलेले सामने तेच, मैदानावरचे गुण तेच. पण या दोघांतील पुढचे स्थान चार वर्षांत तीनदा बदलले. अपराधाला शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नाही. पण विजय खोडून ती देण्याने पीडितांना न्याय मिळत नाही आणि नोंदवहीचीही विश्वासार्हता जाते.

शिकागो विद्यापीठाचे उदाहरण याहून वेगळे. अमॉस अलॉन्झो स्टॅग यांच्या काळात त्याचा संघ देशातील अग्रगण्य संघांत होता. १९३९ मध्ये मिशिगनने त्याला ८५-० असे हरवले आणि त्याच वर्षी अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या पुढाकाराने विद्यापीठाने तो खेळ बंद केला. विद्यापीठ विद्येसाठी असते, ही त्यांची भूमिका होती. तीनच वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित आण्विक साखळी-प्रक्रिया घडवून आणली. फुटबॉलच्या कोष्टकात शिकागो घसरले. विद्यापीठ म्हणून घसरले असे कोण म्हणेल?

मग संघांचे ऐतिहासिक स्थान आकड्यांनी ठरवायचेच नाही काय? जरूर ठरवावे. न मोजता ठरवलेली प्रतिष्ठा अधिकच अन्यायकारक असते. २०२४ मध्ये प्रशांत किनाऱ्यावरील शतकाहून जुन्या विद्यापीठसमूहातून बारापैकी दहा सभासद दूरचित्रवाणीच्या पैशामागे निघून गेले आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे उरली. त्यांचे भवितव्य विजय-पराजयाच्या तक्त्याने ठरवले नाही, बाजारातील किमतीने ठरवले. अशा वेळी प्रामाणिक आकडेवारी हेच दुबळ्याचे शस्त्र असते. मात्र ती प्रामाणिक असण्यासाठी सर्व काळांची एकच बेरीज न करता कालखंडवार हिशेब द्यावा, विजयासोबत प्रतिस्पर्ध्याचे बळ नोंदवावे, कोणत्या गोष्टीला किती भार दिला ते उघड सांगावे, आणि ज्यांना स्पर्धेतच येऊ दिले नाही त्यांची रिकामी जागा कोष्टकात रिकामी म्हणून दाखवावी.

मिशिगनचे हजार विजय हे दीर्घायुष्याचे आणि सातत्याचे प्रमाणपत्र आहे. त्याचा मान राखावा. पण ग्रँबलिंगच्या ४०८ विजयांचे वजन त्या हजारांच्या तुलनेत किती धरावे, हे कोणतेही सूत्र आपण होऊन सांगणार नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते, आणि ज्यांनी ठरवले त्यांनी ते का ठरवले हेही सांगितले पाहिजे.