जुनी जीपगाडी आणि मुळशीचीं खाचरें

पावसाळा लागला कीं मुळशी तालुक्यांत जुन्या जीपगाड्या चिखलांतून हांकणारे हौशी लोक दिसूं लागतात. हौस वाईट नव्हे. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीप जुळविण्यास आरंभ केला. त्याच वंशांतील गाड्या आजहि ताम्हिणी घाटाकडे चढतांना आढळतात.

आमचा आक्षेप गाडी सुधारण्याच्या क्रमास आहे. हातीं पैसा आला कीं प्रथम मोठीं चाकें बसवावयाचीं, गाडी उंच करावयाची, आणि ब्रेक मात्र जुनेच ठेवावयाचे! चाकाचा व्यास वाढला म्हणजे इंजिनावर ताण पडतो, ब्रेक तोकडे पडतात, आणि उंच गाडी उतारावर कलंडण्याचें भय वाढतें. खालचा गिअर शाबूत असेल तर जुनें इंजिनहि सावकाश चढ काढतें. शिवाय मूळ बनावट बदलण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ निर्बंध घालतें, तें निराळेंच.

याहून गंभीर गोष्ट बांधांची. लावणी झालेल्या खाचराच्या बांधावरून जड चाक गेलें कीं बांध ढासळतो, पाणी वाहून जातें, आणि आंबेमोहराचीं रोपें उघडीं पडतात. धरणाखालीं जमिनी जाऊं लागल्या तेव्हां, १९२१ सालीं, याच मुळशीकरांनीं सत्याग्रह केला. पुढें सेनापति बापट त्याचे नेते झाले. उरलेल्या खाचरांचें मोल त्यांस कोणी सांगावयास नको.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांचे काका अथवा वडील बंधु अशी गाडी बाळगतात, त्यांनीं आंत बसण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: ब्रेक केव्हां तपासले, आणि वाट कोणाच्या शेतांतून जाते?