नशिबाचा टंच

शनिवारी हुपरीला घरी गेलो होतो. तिथे कळलं की चुलतभावाचा आणि त्याच्या ऑफिसातल्या चौघांचा बेत ठरलाय. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं, गोंडोलाने अफरवतवर चढायचं आणि खुणा केलेली वाट सोडून कोऱ्या बर्फात स्कीइंग करायचं. मी विचारलं, "आणि हिमस्खलन?" तर म्हणतो, "दादा, ते काय आपल्या हातात असतंय? नशिबाचा भाग!"

या वाक्याने माझं डोकं फिरतं. बर्फाचे थर एकावर एक बसतात. एखादा कच्चा राहतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर त्याच्यावर वजन पडलं की वरची अख्खी लादी सुटते. आणि माणसं सापडतात त्या बहुतेक वेळा ते वजन त्यांचंच किंवा सोबत्याचं असतं. यात नशीब कुठून आलं?

दुसरं लाडकं वाक्य, "काल दहाजण तिथूनच उतरले." मंडळी, "माझ्या मशीनवर चालतंय" एवढ्यावर आपण रिलीज करतो का? रात्री फूटभर बर्फ पडला, वारा सुटला, की कालचा उतार आज वेगळाच असतो.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवरच दोन पोलिश स्कीअर गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा सापडले नाहीत. गेलेल्यांत सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या. "बघ, एवढे तयारीचे लोकही गेले, म्हणजे नशीबच ना?" नाही राजा. एवढ्या तयारीच्या लोकांना बर्फाने सोडलं नाही, तर तुला कशाला सोडेल?

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरून मदत पोचत नाही. वाचवणार ते सोबतचे चौघेच. म्हणून प्रत्येकाकडे बीकन, बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. यांच्या यादीत काय? हेल्मेटवरचा कॅमेरा!

आमच्या हुपरीत पैंजणाची चांदीसुद्धा टंच बघितल्याशिवाय कोणी घेत नाही. तिथलाच पोरगा जिवाचा सौदा डोळे मिटून करतोय.

जाऊ नको असं मी म्हटलेलं नाही. सराव कर, स्थानिक गाईड घे, आणि त्याने "आज नाही" म्हटलं तर हॉटेलात कहवा पीत बस. काकूला अजून काही सांगितलेलं नाही. जानेवारीपर्यंत सराव झाला नाही, तर सांगणार!