कुलूप, किल्ली आणि नोंदवही

विद्यापीठात अपघात झाला की पहिला उद्गार ठरलेला असतो: "पैसाच नाही, त्याला आम्ही काय करणार?" पैसा नाही ही गोष्ट खरी. पगार, वीजबिल आणि गळकी छपरे यांतून कामगारांच्या व विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी किती उरते, हे मीही शिक्षक म्हणून पाहत आलो आहे. परंतु पैसा नाही म्हणून काहीच करता येत नाही, हे मला मान्य नाही.

दिल्ली विद्यापीठातील प्रकार विसरण्याजोगा नाही. तेथील रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक किरणोत्सारी उपकरण होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. २०१० साली ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. कित्येक जण आजारी पडले; एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० ची तीव्रता सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. म्हणजे त्या पंचवीस वर्षांत ती सत्ताविसाव्या हिश्श्याच्या आसपास आली असणार. तेवढीही जीव घेण्यास पुरली. अशा वस्तूची विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवाचून लावता येत नाही. ते विचारण्यास एक पत्र पुरे होते.

दूरच्या दोषाकडे बोट दाखवून मी मोकळा होऊ इच्छीत नाही. पूर्वी मी एका संस्थेत गाणे शिकवीत असे. रियाजाच्या खोल्या माडीवर होत्या. मागच्या जिन्याने वाद्ये चोरीस जाऊ लागली, तेव्हा त्या दाराला कुलूप घाला असे सुचविणाऱ्यांत मी होतो. किल्ली कारकुनाजवळ असे. कारकून पाचला घरी जात, मुले आठपर्यंत गात. एका संध्याकाळी पुढच्या जिन्याखालच्या वीजफलकाने पेट घेतला आणि माडी धुराने भरली. शिपायाने पहारीने मागचे कुलूप फोडले म्हणून मुले वाचली. फलकातून ठिणग्या उडतात, हे त्याने महिन्यापूर्वीच सांगितले होते. कोणी लिहून घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी कुलूप जाऊन आतून कडी आली. सुताराचे अर्ध्या तासाचे काम!

तेव्हा उपाय साधे आहेत. प्रत्येक विभागात एक नोंदवही असावी. धोक्याची वस्तू कोणती, कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे तीत लिहावे. निवृत्त होणाऱ्याने चार्ज देताना ती वही समक्ष वाचून द्यावी. थोडक्यात टळलेला अपघातही लिहावा, आणि लिहिणाऱ्यास दोष देऊ नये. पाहणी करताना प्रथम शिपायाला व प्रयोगशाळेतील मदतनिसाला विचारावे, कारण धोका आधी त्यांच्या हाताला लागतो. जो काही पैसा असेल तो रंगरंगोटी व सत्कारसमारंभ यांच्याआधी वीजतारा आणि जिने यांवर खर्चावा. हे एकदा करून भागत नाही. काल जुळवलेला तंबोरा आज तसाच घेऊन कोणी गायला बसत नाही.

आपल्या शहरातील जुन्या मराठी घरांतून कोणी ना कोणी शाळा-महाविद्यालयांत नोकरीस असतेच. त्यांनी उद्या एवढेच पाहावे: संध्याकाळी शेवटचा माणूस आत असताना कोणते दार बंद असते, आणि त्याची किल्ली कोणाच्या खिशात असते.