डबा उघडता आला पाहिजे

मॉडेल रेल्वेचा विषय निघाला की पुण्याच्या मंडळींना कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आठवतं. भाऊ जोशींनी हौसेने उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं. तिथे गेलेला माणूस गाड्या बघतो, आणि बघाव्यातच. पण आपल्यासारख्या दिवसभर कोड बडवणाऱ्यांनी तिथून एक वेगळाच किडा डोक्यात घेऊन निघावं असं माझं मत आहे. तो म्हणजे, या सगळ्या गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत?

माझं म्हणणं थोडक्यात असं: इंजिन विकत घ्या, रूळ विकत घ्या, पण कंट्रोल सिस्टिम स्वतःच्या हाताने बनवा.

जुनी पद्धत सोपी होती. रुळात डीसी करंट सोडायचा, व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते. भानगड अशी की त्याच रुळावर दुसरं इंजिन ठेवलं तर तेही पळतं! यावर उतारा म्हणून जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या रचनेवरून अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेने १९९० च्या दशकात एक स्टँडर्ड केलं, ते डीसीसी. यात रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा भराभर उलटीपालटी होते. ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर एक, १०० किंवा जास्त मायक्रोसेकंदांनी उलटली तर शून्य. म्हणजे त्याच दोन रुळांतून वीजही जाते आणि निरोपही. इंजिनाच्या पोटातला डीकोडर आपला पत्ता ओळखतो आणि तेवढाच निरोप पाळतो.

एका साध्या निरोपात काय असतं? सुरुवातीला किमान १४ वेळा एक, मग पत्ता, मग वेग आणि दिशा, आणि शेवटी पहिल्या दोन बाइटांचा एक्सॉर. झालं. सगळे मिळून ४२ बिट. एक आर्डुइनो, त्याचा टायमर आणि एक एच-ब्रिज एवढ्यावर हे दोन शनिवारांत उभं राहतं.

इथे आमचे मित्र म्हणतात, अरे डीसीसी-ईएक्स फुकट आहे, ओपन सोर्स आहे, टाक आणि चालव. बरोबर आहे. मीसुद्धा पुढे तेच वापरा म्हणेन. पण पहिला निरोप स्वतः पाठवल्याशिवाय नाही. कारण खरी गंमत त्या ४२ बिटांत नाहीच, ती आहे इंजिनाच्या गप्प बसण्यात. साध्या डीसीसीत इंजिन उत्तर देत नाही. रुळावर धूळ असेल, चाकाचा संपर्क तुटला असेल, निरोप पोचला की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. मग करायचं काय? तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं, सेकंदाला दीडशेच्या आसपास. आणि म्हणूनच निरोप कधीही ‘वेग थोडा वाढव’ असा नसतो, ‘वेग १२ ठेव’ असा असतो. दहा वेळा ऐकला तरी बिघडत नाही. ऑफिसात याच तत्त्वावर लोक तासभर स्लाइड्स दाखवतात. रुळावर ते पाच मिनिटांत अंगात भिनतं, कारण चुकलं तर इंजिन टेबलावरून खाली पडतं.

तयार डबा घेतला की हे सगळं झाकणाखाली जातं. बटण दाबलं, गाडी गेली. कौतुक संपलं.

आता माझ्या पाटाबद्दल. त्यावर स्टेशन एकच आहे, तामलवाडी. सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणारं आमचं गाव. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाला तेव्हापासून गावात रेल्वे हा गप्पांचा हक्काचा विषय आहे. मी म्हटलं, आपण आधी १:८७ मध्ये तरी आणू :)

यात एक मजेदार त्रास आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर हवा. बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा, युरोपच्या गेजचा. म्हणजे माझी ब्रॉडगेज गाडी कायम खोटी. उलट १८९७ साली सुरू झालेली आणि १९११ ला लातूरपर्यंत पोचलेली बारशी लाइट (धाराशिव शहराला बगल देऊन येडशी-ढोकीवरून जायची ती) ७६२ मिलिमीटरची होती. त्याचे होतात ८.८, आणि ९ मिलिमीटरचा रूळ दुकानात तयार मिळतो. इतिहासजमा झालेली गाडीच जास्त खरी निघते!

असो. स्वतः बनवण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण गावाकडचंच आहे. परदेशी कंट्रोलर आणला तर मी पोरांना त्याला हात लावू देईन का? नाही देणार, उगाच खोटं कशाला बोलू. आर्डुइनोचा क्लोन जळला तर काही शे रुपये जातात, दुसरा लावायचा. आठवीतल्या पोरीने वेगाचा आकडा बदलावा, सांधा चुकीचा टाकावा, शॉर्ट सर्किट करावं, आणि करंट वाढल्याबरोबर सगळं बंद का झालं ते वायर धरून शोधावं. गावात रेल्वे येईल तेव्हा येईल, पण सिग्नल हिरवा असताना सांधा का हलत नाही हे तिला त्याआधी माहीत असेल. खऱ्या इंटरलॉकिंगचा गाभा तरी वेगळा काय असतो? सांधा हलवायचा हुकूम दिला यावर विश्वास ठेवायचा नाही, तो हलून बसला असं सेन्सरने सांगितल्यावरच सिग्नल द्यायचा.

तो सेन्सर सध्या बसवतोय, दिवाळीत पाट गावी न्यायचा आहे. गाडीच्या डिकीत मावावेत म्हणून चार-चार फुटांचे दोन तुकडे केलेत. जोडावर रूळ नीट जुळतात, पण वायरी दर वेळी सोडून परत लावणं जिवावर येतं. कुणाला स्वस्त आणि दणकट कनेक्टर माहीत असेल तर जरूर सांगा.