पऱ्हाटीचं इथेनॉल : घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं 2025 मध्ये गाठलं. त्याच्या पुढं किती जायचं यावर आता दिल्लीत खल चालू आहे. गावात मात्र त्याचा अर्थ असा निघालाय की उद्या पऱ्हाटी, पाचट, मक्याची ताटं सगळंच टनावर विकलं जाणार. पारावर आकडेही ठरायला लागलेत. म्हणून यात खरं किती आणि हवा किती, ते बघू.

आधी एक गोष्ट मान्य करू, की टाकाऊ मालापासून इथेनॉल झालं तर ते आपल्याला हवंच आहे. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राचा एक आदेश निघाला आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करणं भर हंगामात थांबलं. आठवडाभरात थोडी सूट मिळाली, पण पूर्ण बंदी उठायला ऑगस्ट 2024 उजाडला. कारण काय, तर साखर कमी पडेल. मक्याचंही तसंच, माणसाचं-कोंबडीचं खाणं आणि गाडीचं इंधन एकाच पोत्यातून निघणार. पऱ्हाटी कुणी खात नाही, त्यामुळे तिच्यावर असा आदेश निघायची भीती नाही. धोरण म्हणून हे बरोबरच आहे. अडचण धोरणात नाही, ती टाकीत आहे.

मळीत साखर तयार असते, यीस्ट टाकलं की काम सुरू. पऱ्हाटीतही साखरच आहे, पण ती सेल्युलोजच्या रूपात, लाकडात कुलूपबंद. यीस्टला हे कुलूप उघडत नाही. म्हणून आधी काडी वाफेनं-आम्लानं शिजवायची, मग बाहेरून एन्झाइम विकत आणून साखर सुटी करायची, आणि मग यीस्ट. हरियाणात पानिपतला इंडियन ऑईलचा असा कारखाना 10 ऑगस्ट 2022 ला सुरू झाला. तंत्र आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. खर्च 900 कोटींच्या वर, वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून 3 कोटी लिटर इथेनॉल, असं तेव्हा जाहीर झालं. भागाकार करा. टनाला 150 लिटर. मक्याच्या टनातून 380 लिटरच्या आसपास निघतं. आणि वर्षाच्या एका लिटरमागं कारखान्यातच 300 रुपये गुंतलेले. मग बांधावरच्या पऱ्हाटीला भाव द्यायला उरतं किती, हा प्रश्न आहे.

हा खर्च तोडायचा एक मार्ग शास्त्रज्ञ बरीच वर्षं शोधताहेत. क्लोस्ट्रिडियम थर्मोसेलम नावाचा एक जिवाणू आहे. शेणखताचा ढीग आतून तापतो ना, हात घालवत नाही असा, तसल्या ठिकाणी हा सुखानं राहतो. साठ अंशाला, हवेशिवाय. तो सेल्युलोज स्वतःच फोडतो आणि त्यातून इथेनॉलही स्वतःच करतो. विकतचा एन्झाइम नको आणि वेगळं यीस्टही नको. ऐकायला सोन्यासारखं आहे.

त्याच्यात इथेनॉल करणारा जो एन्झाइम आहे, त्याचं नाव एडीएचई. एन्झाइम म्हणजे प्रथिनाचं अगदी बारीक यंत्र. याची गंमत अशी की हे दोन यंत्रांचं एकच जोडयंत्र आहे. पहिला अर्धा भाग कच्च्या मालापासून ॲसिटाल्डिहाइड करतो, दुसरा अर्धा लगेच त्याचं इथेनॉल करतो. मधला माल विषारी आहे, पेशीत मोकळा सुटला तर जिवाणूलाच बाधतो. मग निसर्गानं काय केलं? अशी अनेक जोडयंत्रं एकमेकांत अडकवून त्यांची स्प्रिंगसारखी लांब गुंडाळी केली. उघड्या पाटानं पाणी नेलं तर वाटेत झिरपतं आणि बंद पाइपनं नेलं तर थेट पिकाला जातं, तसा हा प्रकार. 2019 आणि 2020 मध्ये कोरिया आणि फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय या जिवाणूतली हीच स्प्रिंग गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एरवी ती दबलेली असते, मदतनीस रेणू येऊन चिकटले की ताणली जाते. आणि ती तोडून सुटे तुकडे केले की इथेनॉलचं काम ढेपाळतं. म्हणजे आकार हाच तिचा जीव.

बरं, मग अडलं कुठं? हा जिवाणू स्वतः केलेल्या अल्कोहोलात स्वतःच गुदमरतो. मूळ जातीचा तर एक-दोन टक्क्यांतच मंदावतो. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या वॉशमध्ये आठ-दहा टक्के अल्कोहोल सहज असतं. वॉश जितका पातळ, तितकं जास्त पाणी उकळायचं आणि तितकं बॉयलरचं जळण. चार टक्क्यांच्या खाली हा धंदा परवडत नाही, असा साधारण ठोकताळा आहे. जनुकं बदलून प्रयोगशाळेत हा जिवाणू अडीच-तीन टक्क्यांपर्यंत आणलाय. सगळी लढाई या उरलेल्या एक-दीड टक्क्याची आहे.

अमेरिकेत 2011 मध्ये जास्त अल्कोहोल सोसणाऱ्या जातीचा अभ्यास झाला. एडीएचई ही पावणेनऊशेच्या आसपास मण्यांची माळ धरली, तर त्यातले फक्त दोन मणी बदललेले निघाले. तेवढ्यानं एन्झाइमचा मदतनीस रेणू बदलला आणि जिवाणू तगला. पण सोसणं वेगळं आणि बनवणं वेगळं. दुष्काळात तग धरणारं वाण पाऊस चांगला झाला म्हणून विक्रमी उतारा देईलच असं नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून तर या स्प्रिंगचा आकार इतका बारकाईनं तपासला जातोय, कुठला मणी बदलला तर दोन्ही साधेल ते कळावं म्हणून.

माझ्या मते, हा जिवाणू कारखान्याच्या टाकीत उतरेपर्यंत पऱ्हाटीच्या इथेनॉलचे कारखाने हे सरकारी मदतीवर आणि तेल कंपन्यांच्या खरेदीवर चालणारेच असतील. ते वाईट नाही. पण त्यांच्या भरवशावर कुणी पऱ्हाटी कापायचं यंत्र कर्जानं घेत असेल तर त्यानं थांबावं. उसाच्या पाचटाचा तर विचारच नको, ते सरीत कुजवलेलं बरं. पऱ्हाटीचं वेगळं आहे. बोंडअळीसाठी ती डिसेंबर-जानेवारीत उपटून रानाबाहेर काढायचीच असते, आपण बहुतेक जण पेटवून देतो. कुणी ती फुकट उपटून नेली तरी मजुरी वाचली. फक्त ढीग गावाजवळ महिनोन् महिने पडून राहणार असेल तर अळी तिथंच राहते, हे आधी बोलून घ्यावं.

कुणी दर घेऊन आलाच, तर दर बांधावरचा की कारखान्याच्या काट्यावरचा, ते पहिलं विचारा. वजन ओलं धरणार की वाळलं, हे त्याच्यानंतर. जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी आणि मार्चमधली, टनाला बराच फरक पडतो.